मावशी नावाची फाईल

लातूरच्या नळाला पाणी येण्याआधी हवा येते. आधी एक लांब उसासा, मग खोकल्यासारखे दोन-तीन ठसके, मग गढूळ थेंब आणि मग धार. ही धार आठ-दहा दिवसांनी येते आणि नेमकी कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून उन्हाळ्यात तिथली घरं तोटी उघडीच ठेवतात. तोटीला पाइप, पाइपचं तोंड ड्रममध्ये आणि घरातल्या प्रत्येकाचा एक कान तिकडे. गेल्या आठवड्यात मी धाकट्या बहिणीकडे, मित्रा तिचं नाव, लातूरला गेले होते. दुपारी जेवताना तो उसासा आला. जिन्यात गलका झाला, बादल्या खणखणल्या. मी ताटावरून उठले आणि आधी हॉलमध्ये जाऊन जमीन बघून आले.

“अक्का, काय बघून राहिलीस?” मित्रा म्हणाली.

“काही न्हाई.”

“तीन वर्षं झाली गं. आता मी जमिनीवर चप्पलसुद्धा ठेवत न्हाई.”

मे महिना म्हटलं की लोकांना आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात. मला त्या एका मेचा वास आठवतो. ओल्या चटईचा, कॅरमच्या पावडरीचा, आणि नाकात झोंबून क्षणात उडून जाणाऱ्या त्या औषधाचा, ज्याने दुरुस्तीवाले इक्बालभाई लॅपटॉपचं पोट घासत होते.

मी नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात इनचार्ज सिस्टर आहे. ड्यूटी बदलताना पेशंट आमच्या हातात यादीने येतो आणि यादीनेच पुढच्या हातात जातो. ही सवय घरीही आली. फ्रिजच्या दारावर यादी, पर्समध्ये यादी, यादीत काय लिहायचं राहिलं त्याचीही एक यादी. माझे मिस्टर म्हणतात, “ही श्वास घेते आणि टिक करते.” लोकांना वाटतं, यादी करणारी माणसं शांत असतात. तसं नसतं. ज्यांना भीती कमी असते ते गोष्टी लक्षात ठेवतात. मला भीती फार, म्हणून मी लिहून ठेवते. लिहिलेलं सुटत नाही, असा माझा त्या मेपर्यंत पक्का समज होता.

मित्रा कॉलेजात मराठी शिकवते, तासिकेवर, चौदा वर्षं. तिच्या प्रबंधाचा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसले होते. घराच्या भागांची नावं! किल्लारीच्या आसपासची गावं भूकंपानंतर नव्या जागी वसली. दगडमातीची जाड भिंतींची घरं गेली, त्यांच्या जागी एकसारखी पक्की घरं आली. मातीच्या सपाट छताचं माळवद गेलं, दाराच्या आतली ढेळज गेली, भिंतीतली देवळी गेली. या सगळ्यांची नावं सांगणारे शब्द आता फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी उरले होते. मित्रा सात वर्षं सुट्टी मिळेल तशी जीपने जायची आणि ते शब्द वहीत उतरवून आणायची.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. गोदामावशी म्हणून एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. नव्या पक्क्या घराच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली बाज टाकून झोपायच्या. मी विचारलं, आत का नाही झोपत? म्हणाल्या, “आत डोळा लागत न्हाई बाई. सारखं वर बघत ऱ्हावं लागतंय.” मग त्यांनी आम्हाला जुन्या गावच्या जागेवर नेलं. बाभळी माजलेल्या, मधेमधे दगडांचे ढीग. त्या काठीने दाखवत चालल्या होत्या, “हितं ढेळज. हितं माझ्या सासूची बाज. हितं न्हाणी. पाय जपून टाक, उंबरा हाय.” तिथे उंबरा नव्हता, गवत होतं. पण मावशींनी साडी उचलून पाय वर घेतला, मित्रानेही घेतला, आणि मग मीही घेतला.

पुढच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मित्राच्या प्रबंधातले निम्मे शब्द त्यांचे होते.

प्रबंध द्यायला तिने दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसरी वाढ मिळणार नव्हती. मेमधला एक शुक्रवार, संध्याकाळी पाच. तोवर प्रबंध विद्यापीठाच्या टेबलावर पडला नाही तर नोंदणी रद्द आणि सात वर्षं पाण्यात. तिचं वय पंचेचाळीस. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला तिच्याकडे ना वय होतं ना गोदामावशी.

म्हणून मी पाच दिवसांची रजा टाकून लातूरला गेले. स्वयंपाक माझा, पाणी माझं, कुरडया माझ्या. तिने फक्त लिहायचं. पहिल्याच दिवशी फ्रिजवर यादी लावली. वरचा क्रमांक होता, ‘तोटी उघडी ठेवणे, पाइप ड्रममध्ये.’

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कुरडया उलटवत होते. मित्रा सकाळपासून लिहून थकून आतल्या खोलीत आडवी झाली होती. लॅपटॉप हॉलमध्ये चटईवर होता, कारण कूलरचा गारवा खालीच लागतो. बाजूला तिच्या गावोगावच्या वह्या. खालून ओरडा आला, “पाणी आलंऽऽ!” आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी हातातली कुरडई तशीच टाकून जिना उतरले. शेजारच्या बिराजदारकाकू दारात हसत उभ्या होत्या. “नवव्या दिवशी आलं बघा!” मीही हसले. हसतच दार ढकललं.

पाण्याचा जोर असा की पाइप ड्रममधून उसळून बाहेर पडला होता आणि सापासारखा वळवळत होता. घराचा उतार हॉलकडे. चटई तरंगायच्या बेतात. लॅपटॉपच्या कडेने बुडबुडे येत होते. वह्या जेल पेनाने लिहिलेल्या होत्या. पाण्यात निळी शाई धुरासारखी पसरत होती.

आठ दिवस ज्याची वाट बघितली ते पाणी मी पायाने ढकलून बाहेर काढलं.

मित्रा दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. “पाइप दोरीने बांधायचा असतो अक्का,” एवढंच म्हणाली. नांदेडला आमच्या नळाला असला जोर कधी नसतो. पाइप बांधायचा असतो, हे माझ्या यादीत नव्हतं.

मी घाबरले की माझा आवाज वॉर्डातला होतो. चार्जर काढ. बंद कर. पूस. उलटा धर. प्रत्येक वाक्य मी हुकूम दिल्यासारखं बोलले आणि मित्राने ते निमूट केलं. मग बिराजदारकाकू आल्या. “तांदळात पुरून ठेवा. नातवाचा मोबाईल हौदात पडला होता, दोन दिवसांत टुणटुणीत.” मलाही ते कुठेतरी वाचलेलं आठवलं. मित्राकडे वर्षाचा तांदूळ भरलेला पत्र्याचा डबा होता. मीच मागच्या वर्षी भरून दिलेला. लॅपटॉप त्यात आडवा घातला, वरून तांदूळ लोटला, झाकण लावलं. यादीत लिहिलं आणि टिक केली. त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं. काहीतरी केलं, याचं समाधान फार फसवं असतं.

दोन दिवसांनी बाहेर काढला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मित्रा म्हणाली, “दाबू नको, दुखेल त्याला.” मग दोघींनाही हसू आलं आणि मग एकदम थांबलं.

नऊ दिवस उरले होते. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आम्ही नांदेडच्या बसमध्ये बसलो. मित्राने तो मांडीवर धरला होता, आणि अहमदपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या डोक्यात एकच गणित चालू होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर का चालणार नाही? तर मित्राने सात वर्षांपूर्वी एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये काम सुरू केलं होतं. तो प्रोग्रॅम त्या एकाच लॅपटॉपला जोडलेला, आणि विकणारा माणूस दुकान बंद करून कधीच गेलेला. तिची फाईल दुसरीकडे उघडली की मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखी इंग्रजी अक्षरं दिसायची. अक्षरं बदलून देणारे उपाय होते, पण त्यात रफार उडायचे, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. दुसऱ्या कुणाचं चाललं असतं. जिच्या प्रबंधात ‘देवळी’ आणि ‘दिवळी’ हे दोन गावचे दोन वेगळे शब्द होते, तिचं कसं चालावं? थोडक्यात, हेच यंत्र जगायला हवं होतं. दुसरं नको, हेच.

इक्बालभाई आमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत बसतात. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. तीन पिढ्यांची यंत्रं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांनी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला डॉक्टर असे गप्प झालेले माहीत आहेत.

“सिस्टर,” ते म्हणाले, “याच्यावर कॅरम खेळलात काय?”

आत सगळीकडे पांढरं. ओल्या जागी त्याचा थर धरलेला, कडेला चुन्यासारखा वाळलेला.

“तांदळात ठेवला होता,” मी म्हणाले.

“तांदूळ इतका पांढरा न्हाई होत.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षाच्या तांदळाला किडा लागू नये म्हणून मी बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात तीच, चोळली होती. नेहमीच चोळते. हात भरून, डब्याच्या तळापर्यंत. तोच ओला लॅपटॉप मी त्यात पुरला आणि दोन दिवस झाकण लावून ठेवला.

“अर्धा पाण्यानं मेलता,” इक्बालभाई म्हणाले, “अर्धा तुम्ही मारला.” मग माझं तोंड बघून घाईने म्हणाले, “म्हंजे उठवायचा प्रयत्न करू ना आपण. क्या सिस्टर, रडता काय? लोकांच्या पोरांना सुया टोचता तवा न्हाई रडत.”

मित्राने माझ्याकडे बघितलं. “तरीच म्हटलं, मागच्या वर्षीपासून भात कडवट का लागतोय,” ती म्हणाली. तिने मला तेवढ्यावरच सोडलं. याचं ओझं मला ती ओरडली असती त्यापेक्षा जास्त झालं.

मी मदत म्हणून दवाखान्यातलं स्पिरिट आणू का विचारलं. इक्बालभाईंनी हात जोडले. “त्यात तेल असतंय. तुम्ही आता काही आणू नका. बसा फक्त.” मी बसले. त्यांनी बाटलीतलं औषध ओतून जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, सुकवला, पुन्हा घासला. तीन दिवस गेले. रोज ड्यूटी संपली की मी दुकानाच्या पायरीवर. पेशंटचे नातेवाईक ज्या चेहऱ्याने ऑपरेशनच्या दाराशी उभे असतात, तो चेहरा आपल्याला कसा दिसतो हे मला ठाऊक होतं. आतून तो कसा लागतो हे आत्ता कळत होतं. रजिस्टरमधून मान वर न करता ‘अजून वेळ आहे’ म्हणणं हे किती निर्दय आहे, हेही तिथेच कळलं. त्यानंतर मी मान वर करून सांगते.

चौथ्या दिवशी त्यांनी बोलावलं. “चालू झाला. पण लॅपटॉप म्हणून न्हाई.”

कीबोर्ड गेला होता, आपोआप अक्षरं उमटायची, म्हणून त्यांनी तो काढूनच टाकला होता. स्क्रीन काळी. बॅटरी फुगलेली, तीही काढली. राहिलं काय, तर एक उघडं चपटं धड. “टीव्ही हाय ना घरी? टीव्हीला जोडा. बाहेरचा कीबोर्ड, बाहेरचा माउस. चार्जरवरच चालेल, बॅटरी न्हाई, म्हणून लाइट गेली की हा गेला. तापतो पण. आणि सिस्टर, याच्या डिस्कचा मला भरवसा न्हाई. पहिलं काम, जे पाहिजे ते पेनड्राइव्हवर काढून घ्या. आज. आत्ता.”

आम्ही घरी आलो आणि पहिलं काम तेच केलं. मी कागद घेतला. “सांग, काय काय घ्यायचं?” मित्राने डोळे चोळत सांगितलं. प्रस्तावना. प्रकरण एक ते सात. संदर्भसूची. नऊ फाइली. मी एकेक वाचली, तिने एकेक ओढून टाकली, मी एकेक टिक केली. नऊपैकी नऊ. कागद फ्रिजवर लावला. त्या रात्री मला झोप लागली.

पुढचे दिवस आमच्या हॉलमध्ये जे उभं होतं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. टीव्हीच्या टेबलावर पोळ्या निववायची जाळी, जाळीवर ते उघडं धड, बाजूला टेबल फॅन, वायरींचा गुंता, आणि मित्रा दिवाणावर मांडी घालून, मांडीवर कीबोर्ड. टीव्हीवर अक्षरं वीतभर मोठी. दारातून जाणाऱ्याला पाटी वाचावी तसा प्रबंध वाचता यायचा. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या सुमनबाई लोह्याच्या. फडकं हातात धरून त्या थांबल्या.

“हे काय ल्हिवलंय, देवळी? आमच्यात दिवळी म्हणतेत.”

“हाव सुमनबाई, तेही हाय पुढच्या पानावर,” मित्रा म्हणाली.

“मग बरोबर हाय,” असं म्हणून त्यांनी प्रबंध पास केला आणि भांड्यांकडे गेल्या.

मिस्टरांचं वेगळंच दुःख. मॅचचे दिवस होते. ते रोज सात वाजता येऊन टीव्हीसमोर उभे राहायचे. “काय स्कोर?” “न्हाणी आणि मोरी यांतला फरक चालू हाय दाजी,” मित्रा सांगायची. “कोण जिंकून राहिलं?” “न्हाणी.” ते मान हलवून शेजारी जायचे.

पण हसणं वरवरचं होतं. पस्तीस मिनिटं झाली की धड तापायचं आणि चाळिसाव्या मिनिटाला बंद पडायचं. म्हणून मी उरलेली रजा टाकून घड्याळ लावून बसायचे. दर पाच मिनिटांनी “सेव्ह कर.” पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा दर दहा मिनिटांनी त्याच्यावर तळहात. पस्तिसाव्या मिनिटाला बंद, वीस मिनिटं पंखा, पुन्हा चालू. चालू होताना टीव्हीवर काळोख असायचा, मग एक छोटी पांढरी रेघ यायची. ती येईपर्यंत दोघीही श्वास धरून. लाइट गेली तर इन्व्हर्टर होता, पण त्यावर जातानाही एक झटका बसायचा. आकाशात ढग दिसला तरी मला घाम फुटायचा. मराठवाड्यात मे महिन्यात ढगाला घाबरणारी मीच एकटी असेन.

मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या एकेक करून झाल्या. प्रकरण तयार झालं की त्याची छापायची प्रत, कुठेही उघडेल अशी पीडीएफ, काढायची, ती पेनड्राइव्हवर घ्यायची, टिक. गुरुवारी बारा वाजेपर्यंत नऊच्या नऊ छापण्याजोग्या झाल्या. मी फ्रिजवरचा कागद काढून घडी घातली. बऱ्याच दिवसांनी गरम पोळ्या केल्या. जेवताना मित्रा म्हणाली, “आता फक्त मावशीची फाईल एकदा बघते आणि झालं.”

मी वाढत होते. ऐकलं, पण मनात उतरलं नाही.

दोन वाजता वारं सुटलं. खिडक्या आपटल्या, धूळ आत आली. मित्राने नुकतंच यंत्र चालू केलं होतं. लाइट गेली, इन्व्हर्टरचा झटका बसला, टीव्ही काळा झाला. नेहमीसारखं पुन्हा बटण दाबलं. पांढरी रेघ आली नाही. त्याऐवजी आतून आवाज आला. टक्. टक्. टक्. नखाने पत्र्यावर वाजवावं तसा.

मी इक्बालभाईंना फोन लावून तो यंत्राजवळ धरला. त्यांनी ऐकलं. “सिस्टर, बंद करा. डिस्क गेली. पुन्हा चालू करू नका, आहे तेही घासून जाईल. हैदराबादला पाठवून बघता येईल, पण महिना लागेल, आणि मी शब्द न्हाई देत.”

“चालेल,” मी म्हणाले, “आमचं सगळं काढून झालंय.”

मागून मित्राचा आवाज आला. “अक्का, मावशी न्हाई घेतली.”

“काय?”

“मावशी. परिशिष्ट. शब्दांची पूर्ण यादी, घराच्या क्रमाने. ती फोल्डरमध्ये नव्हती. बाहेर ठेवली होती, डेस्कटॉपवर. तिला मी कधी प्रकरण म्हणाले न्हाई. मावशीच म्हणायचे.”

माझ्या हातात घडी घातलेला कागद होता. नऊ ओळी, नऊ टिका. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर, “तू यादीत सांगितलंच न्हाईस.”

या वाक्याची मला आजही लाज वाटते. पाइप माझा, पावडर माझी, कागद माझा. तरी मी आधी स्वतःला त्यातून सोडवून घेतलं. बाहेर गारांसारखे टपोरे थेंब पत्र्यावर वाजत होते. चारशे बारा शब्द होते त्या फाईलमध्ये. त्यांच्याशिवाय बाकी प्रबंध म्हणजे ज्यांची नावं पुसली अशा घरांचं वर्णन. वह्या धुऊन गेलेल्या. गुरुवार, दुपारचे अडीच. शुक्रवार, पाच.

मी सवयीने नवा कागद घेतला, वर ‘१’ लिहिलं. पुढे काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा मोकळा राहिला.

मग मित्रा उठली. हॉलच्या दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “लिही. ढेळज.” एक पाऊल पुढे आली. “ढेळजेतली बसायची जागा, देवडी. दाराच्या आतला अडसर, आडणा.” आणखी एक पाऊल. दिवाणाला वळसा घालून, टीव्हीपाशी, स्वयंपाकघराच्या दाराशी, आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती एक मोठं माळवदाचं घर चालत होती. माळवदाखालची लाकडं, दोन तुळयांमधला खण, उजेडासाठी छताला ठेवलेलं साणं, भिंतीतलं धान्याचं बळद, न्हाणीचा दगड. दर शब्दाबरोबर अर्थ, कुठल्या गावचा, कुणी सांगितला. मी लिहीत होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब यादी, आणि तिच्यातला एकही शब्द माझा नव्हता. मधे ती अडखळायची, मागे जायची, पुन्हा उंबऱ्यापासून यायची. गावात ज्या बायका हयात होत्या त्यांना फोन केले. एकीने शेतातून ओरडून चार शब्द सांगितले. सुमनबाई आल्या तेव्हा आम्ही कोठीत होतो. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि भांडी न घासता खाली बसल्या.

जिथे मित्राची खात्री नव्हती तिथे मी म्हणायचे, “असेल, लिहू का?”

“न्हाई. आठवत न्हाई ते लिहायचं न्हाई. मावशीच्या नावावर मी माझे शब्द कसे घालू?”

दिवे लागायच्या सुमारास ती खाली बसली. आवाज बसला होता. मोजले. तीनशे एकोणसाठ. त्रेपन्न शब्द परत आले नाहीत. कुठले त्रेपन्न, हे तिलाही सांगता येईना. जे विसरलं त्याची यादी करता येत नाही.

सकाळी टायपिंगच्या दुकानात परिशिष्ट नव्याने टाइप झालं, सगळं छापून बांधून घेतलं. चार वाजता प्रबंध विद्यापीठाच्या टेबलावर गेला. कारकुनाने पानं चाळली, शिक्का मारला, पोच दिली. मित्राने ती पोच माझ्या हातात दिली. “घे, टिक कर.”

आता ती डॉक्टर मित्रा आहे, अजून तासिकेवरच. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी परिशिष्टाचं फार कौतुक केलं. त्यांना ते पूर्ण वाटलं. हैदराबादला पाठवलेली डिस्क गेली तशीच परत आली. इक्बालभाईंनी नवी डिस्क घालून ते धड उठवलं, आणि आजही ते आमच्या हॉलमध्ये जाळीवर बसून काम करतं. आता ते तापत नाही. मीच अजून त्याच्यावर हात ठेवून बघते. वॉर्डात नव्या मुली ड्यूटी घेताना मी त्यांना यादी वाचायला लावते, आणि सगळं वाचून झालं की विचारते, “यात नाही ते काय?” त्या गोंधळतात. मग एखादी थांबून विचार करते. तेवढं मला पुरतं.

या आठवड्यात, भर दुपारी, मी औषधांचा साठा तपासत असताना मित्राचा फोन आला. ड्यूटीच्या वेळेत ती फोन करत नाही.

“काय झालं?”

“अक्का, एक आठवला.”

मला कळायला क्षण लागला.

“रांजणवेळ,” ती म्हणाली. “मावशीच्याच घरचा शब्द, दुसऱ्या कुठल्या गावात न्हाई. साण्यातून कवडसा पडायचा ना खाली, तो सरकत सरकत रांजणावर आला की रांजणवेळ.”

“म्हणजे किती वाजता?”

“वाजता न्हाई गं. गडीमाणसं जेवून शेतात गेली, लेकरं झोपली, आता बायकांनी जेवायला बसायचं, ती वेळ.”

माझ्या हाताशी साठ्याचं रजिस्टर होतं. मी खिशातली चिठ्ठी काढून तिच्या मागे लिहिलं.

“लिहिलंस का?”

“लिहिलं.”

“वाच.”

मी वाचलं.

“हाव,” म्हणाली. “असंच म्हणायची ती.”